सात नंबरची ओ

वर्गात एकाच्या नावाला दुसऱ्याने ओ दिली, की मला मान वर न करता कळतं. वीसेक वर्षं हजेरी घेतेय मी. पोरांना वाटतं, बाईंना पाठीला डोळे आहेत. डोळे नाहीत, कान आहेत. खोटी ओ देणारं पोर आवाजावरून सापडत नाही, आवाज बदलायला सगळ्यांनाच येतो. ते सापडतं नंतर. त्याचं स्वतःचं नाव आलं, की ते गरजेपेक्षा मोठ्याने ‘हजर’ म्हणतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

हे अशासाठी सांगतेय, की गेल्या वर्षी माझ्या दादाच्या नंबराला कोणीतरी अशीच ओ दिली, आणि त्यापायी दादा गेला.

दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. आठवडाभर लोकांना जिने चढायला लागू नयेत म्हणून खपणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी मात्र डोंगर चढून यायचा, तेही धावत आणि वर पैसे भरून. दरवर्षी डोंगरावरच्या हाफ मॅरेथॉनला त्याचा नंबर ठरलेला. रस्ता धरणापासून वर चढत जातो, माथ्यावरून वळतो आणि पलीकडच्या अंगाने उतरतो. दादा कधी पहिल्या शंभरांतसुद्धा आला नाही. तो तीन तासांच्या बसमध्ये असायचा.

बस म्हणजे धावणाऱ्यांचा घोळका. पुढे पाठीला झेंडा बांधलेला पेसर, ठरलेल्या वेळेत नेऊन पोचवणारा, आणि मागे त्याच्या पावलावर पाऊल टाकणारे बाकीचे. तीन तासांची बस सगळ्यांत शेवटची. तिच्यामागे फक्त राहिलेल्यांना गोळा करणारी गाडी असते, आणि त्या गाडीत बसायची प्रत्येकाला लाज वाटते. या बसच्या पेसरला सगळे कंडक्टर म्हणतात. एरवी विम्याच्या कचेरीत खाली मान घालून काम करणारा शांत माणूस, पण पाठीला झेंडा लागला की त्याला कंठ फुटतो. त्याचा एक नियम आहे: पेसरने मागे वळून बघायचं नाही. वळला की पावलांची लय तुटते, आणि मागच्यांना वाटतं आपण रेंगाळतोय. म्हणून त्याने प्रत्येकाला नंबर दिलेला असतो. दर थोड्या अंतराने तो पुढे बघतच ओरडतो, “एक?” मागून “आहे.” “दोन?” “आहे.” अशी सगळी बस मोजून होते. दादा सात नंबर होता.

गेल्या वर्षी डोंगरावर दाट धुकं होतं. पाण्याच्या टेबलानंतर कंडक्टर थेट शेवटच्या रेषेवरच मोजतो. तिथे त्याने सात म्हटलं तेव्हा उत्तर आलं नाही. शोधायला माणसं निघाली तेव्हा त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, “मोठ्या वळणाच्या वर, पाण्याच्या टेबलापाशी मी हजेरी घेतली. सातने ओ दिली.” म्हणून सगळे टेबलाच्या वर शोधत राहिले. माथा पालथा घातला, पलीकडचा उतार पालथा घातला. दादा सापडला दिवस मावळताना, टेबलाच्या खाली, मोठ्या वळणाच्या कठड्याच्या पलीकडे. कठड्याचा दगड निसटला होता. पाय मोडला होता आणि रक्त गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, “दुपारपर्यंत आणलं असतं तर वाचला असता.”

लोकांनी मग एक गोष्ट जुळवली. तो वर पोचला असणार, काहीतरी पडलं म्हणून परत खाली गेला असणार, आणि घसरला असणार. सगळ्यांना ती पटली, वहिनीलासुद्धा. मला नाही पटली. विसरलेली छत्री घ्यायला दादा कधी कोपऱ्यावरून घरी परत आला नाही, तो चढलेला चढ उतरून जाईल? तो वर पोचलाच नव्हता. त्याच्याऐवजी दुसरंच कोणीतरी ‘आहे’ म्हणालं होतं, आणि मला तो आवाज हवा होता.

“कळून काय करणार आहात, वन्सं?” वहिनीने विचारलं होतं. ओट्यापाशी उभी राहून ती दादाचे धावायचे बूट पुसत होती. घालणारा नाही तरी ती ते दर आठवड्याला पुसते.

“शाळेत करते तेच. सगळ्यांसमोर उभं करणार.”

“त्याने ते परत येणारेत?”

“नाही. पण त्याने मान खाली घातलेली बघायचीय मला.”

वहिनीने बूट खिडकीत ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला करून, जसे दादा ठेवायचा तसे. मग म्हणाली, “आधी जिना तरी न थांबता चढून दाखवा.”

बोलली ते खोटं नव्हतं. दादा मला लहानपणापासून ढमी म्हणायचा, आणि ते काही लाडाने नव्हे, माझ्या अंगाकडे बघून. वर्षभर मी धावले. पहिल्यांदा कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत गेले आणि खांबालाच मिठी मारली. पुढे तळ्याला फेरी, पुढे दोन. गुडघे कुरकुरले, शाळेतली पोरं खिडकीतून बघून हसली, शिपायाने विचारलं, “बाई, मागे कुत्रं लागलंय का?” राग हे फार चांगलं इंधन आहे, ते संपत नाही. वर्ष भरत आलं तेव्हा मी कंडक्टरच्या बसमध्ये होते. त्याला माझं नातं माहीत होतं. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, “तुम्ही बारा.”

सात नंबर त्याने कोणालाच दिला नव्हता. सरावात तो सहा म्हणायचा, मग थोडा थांबायचा, मग आठ. ‘आहे’ म्हणायला लागतो तेवढाच वेळ तो थांबायचा. त्या वेळात सगळे खाली बघत धावायचे.

सरावात मला काही सापडलं नाही. सपाट रस्त्यावर सगळ्यांच्याच घशात दम असतो, कोणी हसत ओ देतं, कोणी गाऊन देतं. आठ नंबरचा बेकरीवाला तर सगळ्यांत गोड माणूस. पहाटे भट्टी लावून येतो, येताना सगळ्यांना गरम पाव आणतो. दादाचा बसमधला जोडीदार होता तो. मला मात्र तो नेहमी दोन पाव द्यायचा. मला वाटायचं, दादाच्या आठवणीने. नऊ नंबरची दातांची डॉक्टर मला म्हणाली, “बाई, खरा माणूस चढावर कळतो. तिथे सोंग करायला हवा उरत नाही.” ती धावण्याबद्दलच बोलत होती, पण मी तिचे शब्द लक्षात ठेवले.

शर्यतीच्या सकाळी धरणावर स्वच्छ ऊन होतं. चढ सुरू झाला आणि पहिल्या दोन वळणांतच धुकं अंगावर आलं. पुढचा झेंडा आधी फिकट झाला, मग नुसता वाटायला लागला. मी बसची शेवटची. माझ्या मागे कोणी नव्हतं, आणि तरी माझ्या मागे पावलं वाजत होती.

मी भित्री नाही. अंधाऱ्या शाळेत एकटी पेपर तपासत बसलेय. पहिल्यांदा वाटलं, आपलाच आवाज डोंगरावर आपटून येतोय. म्हणून मी चार पावलं चालले. मागचं चाललं नाही, ते धावतच राहिलं. एक पाऊल मऊ, एक सपाट. धप, चट. धप, चट. दादाचा उजवा पाय सपाट पडायचा. लहानपणी जिन्यात तो आवाज आला की मी पुस्तक उघडून बसायची. माझ्या अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. मी मागे बघितलं नाही. कंडक्टरचा नियम तेव्हा मला पहिल्यांदा आवडला.

“एक?” पुढून हाक आली.

“आहे.” आवाज कसला, नुसता श्वास.

“दोन?” “आहे.” “तीन?” “आहे.” सगळे तसेच, हवेत विरून जाणारे. चढ एवढा होता की शब्द म्हणजे चैन होती. “सहा?” “आहे.” मग ती मोकळी जागा. त्या जागेत मागची पावलंही वाजायची थांबली.

“आठ?”

“आहे!”

एखाद्याने दार आपटावं तसा तो शब्द आला. सगळे पुटपुटत होते आणि बेकरीवाला ओरडला होता. माझे पाय धावत राहिले. पुढच्या हजेरीला मी फक्त त्याच्याकडे कान दिला. सहा, मोकळी जागा, आठ, आणि पुन्हा तेच. छाती फुटेल एवढ्या जोरात “आहे!” आपण आहोत आणि आपण फक्त आपलीच ओ देतोय, हे तो अख्ख्या डोंगराला ऐकवत होता.

वीस वर्षांत माझा कान चुकलेला नाही. मी पाय उचलले, एकेकाला मागे टाकलं आणि त्याच्या बाजूला जाऊन पोचले. चेहरा घामाने आणि धुक्याने ओला होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. मला काही विचारावंही लागलं नाही.

“तुम्ही आलात बसमध्ये तेव्हापासून वाट बघतोय,” तो म्हणाला. एकेक शब्द श्वासामागून येत होता. “कधी विचारताय म्हणून.”

“आता सांगा.”

“लेस सुटली त्याची. वळणावर. म्हणाला, बसतो कठड्यावर, बांधून येतो. माझी ओ दे. आम्ही देतो हो एकमेकांची. कोणी आडोशाला गेलं, कोणाला खोकला आला. नाही दिली तर कंडक्टर बस हळू करतो, सगळ्यांची वेळ जाते.”

“आणि तुम्ही दिलीत.”

“दिली. आणि लगेच मागे पावलं वाजली, बाई. त्याचीच. तो एक पाय सपाट टाकायचा ना? वरपर्यंत माझ्या मागे होती. म्हणून मी निर्धास्त होतो. शोधायला निघाले तेव्हा मीच म्हणालो, वर बघा, तो माझ्या मागेच होता. संध्याकाळी खाली सापडला तेव्हा...” त्याने तोंडावरचा घाम पुसला. “मग ती पावलं कोणाची होती, मला आजपर्यंत कळलं नाही. अजून वाजतात. भट्टीपाशीसुद्धा.”

मागे धप, चट चालूच होतं. त्यालाही ते ऐकू येत होतं, त्याच्या आखडलेल्या मानेवरून मला कळत होतं. मी सांगू शकले असते की मलाही येतंय. त्याला तेवढा आधार पुरला असता. पण वर्षभर साठवलेला राग असा सोडवत नाही. मी म्हटलं, “हे मला नका सांगू. वर टेबलापाशी सगळ्यांना सांगा. मोठ्याने. ओरडायची सवय आहेच तुम्हाला.”

त्याने मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. मी पुढे निघाले. मला वाटलं होतं की त्या क्षणी मला हलकं वाटेल. पाय उलट जड झाले. मोठं वळण आलं. कठड्यात एक दगड नवा बसवलेला होता, बाकीच्यांपेक्षा पांढरा. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं आणि बघितलंच. वळणानंतर एकदा जाणवलं, मागचा आवाज थांबलाय. फार शांत झालं होतं. थांबली असतील दादाची ती पावलं, असं मी स्वतःला सांगितलं.

पाण्याचं टेबल धुक्यातून एकदम समोर आलं. घोळका पेल्यांभोवती गोळा झाला. कंडक्टर नियमाप्रमाणे आमच्याकडे पाठ करून जागच्या जागी पाय हलवत होता. पाठीवरचा झेंडा भिजून खांद्याला चिकटला होता.

“एक?” सुरू झालं. मी पेला तोंडाला लावून बेकरीवाल्याची वाट बघत होते. आता तो बोलेल. “सहा?” “आहे.” मोकळी जागा. “आठ?”

“आहे.”

हळू. थकलेला, पण खुशीत असलेला आवाज. आधी जीभ टाळूला लावून ‘टक्’ केलेलं, मग ‘आहे’.

माझ्या हातातलं पाणी सांडलं. ते ‘टक्’ मी चाळीस वर्षं ऐकलंय. जेवायला हाक मारली की ते व्हायचं, अभ्यासाला बस म्हटलं की ते व्हायचं. काहीही सांगा, दादा आधी ‘टक्’ करायचा आणि मग हो म्हणायचा.

“नऊ?” कंडक्टर म्हणाला. दातांच्या डॉक्टरने तोंड उघडलं.

मला काय करावंसं वाटलं ते सांगते. मला गप्प राहावंसं वाटलं. तो आवाज अजून एकदा ऐकायला मी काहीही दिलं असतं. ती ओ खरी मानली असती तर बस पुढे गेली असती, आणि कदाचित पुढच्या हजेरीला तो परत बोलला असता. जोडीदाराची ओ देत होता दादा, नेहमीसारखी, भोळेपणाने. आणि त्याला खोटं पाडायचं माझ्यावर आलं होतं, त्याच्या ढमीवर.

“नाही!” मी ओरडले. “आठ नाहीये! थांबा, आठ नाहीये इथे!”

कंडक्टरचे पाय थांबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मागे वळला. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं, आणि बेकरीवाला कुठेच नव्हता.

“ओ दिली की आत्ता,” कंडक्टर म्हणाला. “मी ऐकली. कोणी दिली?”

 दातांची डॉक्टर पांढरी पडली होती. “माझ्या शेजारून आली,” ती म्हणाली, “पण माझ्या शेजारी कोणी नव्हतं.”

“वळणावर,” मी म्हटलं आणि उतरायला लागले. मागोमाग सगळी बस, कंडक्टर पुढे नाही तर मध्येच, भिजका झेंडा तसाच पाठीला चिकटलेला. चढलेला चढ आम्ही उतरून गेलो.

बेकरीवाला कठड्यावर बसला होता, पांढऱ्या दगडाला चिकटून. पाय दरीच्या बाजूला होते. दोन्ही हातांत एका बुटाची लेस धरली होती आणि बोटं हलत नव्हती. खाली नुसतं धुकं. मी हळू जाऊन त्याचा दंड धरला. त्याने बघितलं नाही.

“सगळ्यांसमोर कसं सांगू, बाई?” तो म्हणाला. “मला तोंड नाही.”

वर्षभर घोकलेलं भाषण माझ्याजवळ होतं. त्यातला एकही शब्द आठवला नाही. मी म्हटलं, “मलाही येतात ऐकू. ती पावलं. सकाळपासून येतायत.”

तेव्हा तो रडायला लागला. पाय एकेक करून अलीकडे घेतले, मी आणि डॉक्टरने मिळून. मग मी रस्त्यावर बसले आणि त्याची लेस बांधली, दुहेरी गाठ, पहिलीच्या पोरांना बांधते तशी. माझे डोळे एवढे भरले होते की गाठ दोनदा चुकली. तो बसला होता तिथूनच, सगळ्यांच्या देखत, त्याने सांगितलं. लेस, कठडा, माझी ओ दे, सगळं. कोणी त्याला वाईट बोललं नाही. निम्म्या माना आपोआपच खाली गेल्या होत्या, कारण त्यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी कोणाची तरी ओ दिली होती.

मागून राहिलेल्यांना गोळा करणारी गाडी आली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून विचारलं, “काय, बस पंक्चर?” आमचे चेहरे बघून त्याने डोकं आत घेतलं.

“गाडीत चढायच्या आधी मोजतो,” कंडक्टर म्हणाला. या वेळी तो आमच्याकडे तोंड करून उभा होता. एकेकाकडे बघत विचारत गेला. एक, दोन, तीन. सहा नंबरने आहे म्हटलं. मग तो थांबला. मला वाटलं, नेहमीची मोकळी जागा. पण तो माझ्याकडे बघत होता.

“सात?”

धुक्यात काही हललं नाही. मी कान दिला, माझ्याकडे होता नव्हता तेवढा सगळा. ‘टक्’ आलं नाही. पाऊल वाजलं नाही. सगळे वाट बघत राहिले आणि कोणी मदतीला आलं नाही, कारण या वेळी ओ कोणी द्यायची ते सगळ्यांना माहीत होतं.

“नाही,” मी म्हटलं.

कंडक्टरने मान हलवली. “आठ?”

“आहे,” बेकरीवाला म्हणाला, इतकं हळू, की कंडक्टरला जवळ येऊन पुन्हा विचारावं लागलं.